नंबर प्लेट होल्डर पुन्हा तिथेच तुटतोय? मडगार्डच्या तक्रारींचं मूळ कसं शोधायचं

नवा होल्डर बसवला, थोड्याच दिवसांत पुन्हा तिथेच तुटला. मग जाड पत्र्याचा करून घेतला. तो टिकला, पण आता मडगार्डच बोल्टच्या भोकापासून फाटलं. मडगार्ड बदललं तर टेल लॅम्प डुगडुगायला लागला. ऑफरोड मोटरसायकलच्या शेपटाची ही कहाणी इतकी ठरलेली आहे की ऐकणारा पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतो. बरेच जण याचं खापर प्लॅस्टिकच्या दर्जावर फोडून मोकळे होतात. पण मागचं मडगार्ड म्हणजे एका टोकाला धरलेली पट्टी आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला प्लेट, दिवा, इंडिकेटर असं वजन लटकतंय. ती कुठेतरी वाकणारच. कुठे वाकू द्यायची हे आपण ठरवायचं असतं, आणि नेमकं तेच बहुतेक दुरुस्त्यांमध्ये राहून जातं.

म्हणून पाना उचलण्याआधी तुटलेला तुकडा हातात घ्या. फेकून दिला असेल तर पुढचा मात्र जपून ठेवा.

तुटलेली कड वाचायची कशी

लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा होल्डर असेल तर तुटलेली कड उजेडात तिरकी धरून बघा. कडेचा काही भाग गुळगुळीत, मळकट, कधी गंजलेला आणि उरलेला भाग चमकदार, दाणेदार दिसला, तर तडा जुना आहे. कंपनाने तो रोज थोडाथोडा पुढे सरकत होता आणि शेवटी उरलेला पत्रा एका झटक्यात गेला. याउलट पूर्ण कड ताजी असेल आणि आजूबाजूचा पत्रा वाकलेला असेल, तर तो एकाच दणक्याचा प्रताप: गाडी पडली, टायर लागला किंवा चिखलातून काढताना कुणीतरी होल्डर धरूनच ओढला.

प्लॅस्टिकचंही असंच आहे. पॉलिप्रॉपिलीनचं मडगार्ड जास्त वाकलं की तुटण्याआधी त्या जागी पांढुरकं होतं. तडा पांढऱ्या पट्ट्यातून गेला असेल तर ते एकदम जोरात वाकलंय. पांढरं काहीच नाही आणि बोल्टच्या भोकातून निघालेली केसासारखी बारीक रेघ आहे, तर बोल्ट जास्त आवळलाय, भोकातली स्लीव (छोटी लोखंडी नळी) हरवलीय किंवा प्लॅस्टिकला न चालणारं काही रसायन लागलंय. पूर्ण पृष्ठभागच खडूसारखा भुरकट आणि कडक झाला असेल तर उन्हाने त्याचं आयुष्य संपवलंय. तिथे दुरुस्तीच्या नादी लागू नका.

तिसरी खूण मडगार्डच्या आतल्या बाजूला असते. चिखल धुऊन आतून हात फिरवा. एखाद्या जागी पृष्ठभाग आरशासारखा घासलेला, काळे पट्टे ओढलेला किंवा प्लेटची खालची कड मागे वळलेली दिसली, तर टायर तिथे पोचतोय. मग बाकी सगळं तपासणं बाजूला ठेवून आधी तेवढं सोडवा. कारण हा प्रश्न फक्त प्लेटचा राहत नाही. होल्डर टायरमध्ये ओढला गेला तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

कंपन: सगळ्यात मोठा गुन्हेगार

सिंगल सिलेंडरचं इंजिन ६००० आरपीएमला फिरतं तेव्हा क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो. बॅलन्सर शाफ्ट असला तरी कंपन पूर्ण जात नाही, कमी होतं. त्याच वेगाने तासभर गाडी चालवली तर होल्डरला ३ लाख ६० हजार हेलकावे बसले. एका हेलकाव्याने काही बिघडत नाही, पण अॅल्युमिनियमची गंमत अशी की ताण कितीही कमी ठेवला तरी हेलकाव्यांची संख्या वाढत गेली की ते कधीतरी थकतंच. लोखंडाला एक मर्यादा असते, तिच्या खालच्या ताणाला ते जवळजवळ कायम टिकतं. हलका म्हणून आणलेला अॅल्युमिनियमचा होल्डर बेंडपाशी तडकतो त्यामागे हे कारण आहे.

यात भर पडते ती अनुनादाची. प्रत्येक लटकत्या वस्तूची स्वतःची एक वारंवारता असते आणि इंजिनचा वेग तिच्याशी जुळला की ती वस्तू पिसाळते. हे डोळ्यांनी बघता येतं. गाडी मोकळ्या हवेत स्टँडवर न्यूट्रलमध्ये लावा, कुणाला तरी हळूहळू रेस वाढवायला सांगा आणि मागे एका बाजूला बसून प्लेटच्या खालच्या ओळीकडे बघत राहा. सुरुवातीला अक्षरं स्पष्ट असतात. एका ठरावीक वेगाला खालची ओळ पुसट होते, आकड्यांच्या कडा दुहेरी दिसतात, कधी बारीक खडखड ऐकू येते. रेस आणखी वाढवली की अक्षरं पुन्हा जागेवर येतात. तो पुसट होण्याचा वेग टॅकोमीटरवर बघून ठेवा. तुम्ही एरवी गाडी ज्या वेगाने रेटता तोच तो निघाला, तर होल्डर का तुटतो याचं उत्तर मिळालं.

आता उपाय. सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे जाड पत्रा. पत्रा दुप्पट जाड केला की तो आठपट ताठ होतो, ऐकायला झकास वाटतं. पण वजनही दुप्पट झालं, आणि आधी जो हेलकावा होल्डर स्वतः वाकून पचवत होता तो आता जसाच्या तसा मडगार्डच्या भोकांना मिळतो. होल्डर शाबूत, मडगार्ड फाटलेलं, हे चित्र इथूनच येतं. मडगार्डखालीही लोखंडी पट्टी ठोकली तर तडा आणखी पुढे सरकून सबफ्रेमच्या, म्हणजे सीट आणि शेपूट धरणाऱ्या मागच्या सांगाड्याच्या, टॅबवर (बोल्ट बसतो त्या कानावर) जातो. प्लॅस्टिकचा तुकडा बदलता येतो, सबफ्रेमचा टॅब बदलायचा म्हणजे अख्खी मागची बाजू उघडा.

खरा फायदा लांबी कमी करण्यात आहे. टोकाला तेवढंच वजन ठेवून पट्टी दुप्पट लांब केली तर ती आठपट वाकते, म्हणजे लांबी थोडी जरी कमी केली तरी फरक मोठा पडतो. मूळ होल्डर लांबलचक असेल तर प्लेट वर आणि पुढे घ्या, मात्र टायरचं अंतर सांभाळून. त्याबद्दल खाली येईलच. दुसरी गोष्ट वजनाची. जड बल्बचे इंडिकेटर आणि लांब दांडे काढून रबरी दांड्यांचे हलके एलईडी लावले तर शेपटाचा बराच भार उतरतो. आणि तिसरी, मऊपणा मुद्दाम ठेवा. प्लेट आणि होल्डरच्या मध्ये रबराच्या जाड वॉशरवर बोल्ट बसवा. धातूला धातू थेट टेकला नाही की हेलकाव्याची धार जाते.

एन्ड्युरोवाले, म्हणजे लांब पल्ल्याच्या ऑफरोड शर्यतीतले स्वार, पूर्वीपासून ताठ होल्डरच्या भानगडीत पडत नाहीत. ते मऊ प्लॅस्टिकचा किंवा रबराचा लोंबता तुकडा वापरतात, जो पडल्यावर दुमडतो आणि परत सरळ होतो. घरी करायचा असेल तर कन्व्हेयर पट्ट्याचा कापड भरलेला रबर चांगला. तो वाकतो, पण लुळा पडत नाही. साधा मऊ रबर टाळा. वेगात तो वाऱ्याने मागे उडतो आणि प्लेट आभाळाकडे बघते, नाहीतर खड्ड्यात पुढे झुलून टायरला लागते. प्लेटच्या मागे तिच्याच मापाची पातळ कडक शीट असेल तर प्लेटचे कोपरे फाटत नाहीत.

स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर) बसणाऱ्या होल्डरबद्दल विचारलं जातं म्हणून सांगतो: डांबरी रस्त्यावर शोभतात, दगडधोंड्यांत नको. सस्पेन्शनच्या खाली बसल्यामुळे चाकाला बसणारा प्रत्येक दणका त्यांना थेट मिळतो आणि चिखलही तिथेच सगळ्यात जास्त उडतो.

बोल्ट सैल का होतात

प्रत्येक राइडनंतर बोल्ट आवळावे लागतात, ही तक्रार तुटण्याच्या आधीची पायरी आहे. बोल्ट सैल झाला की होल्डर आपटायला लागतो आणि आपटणारी वस्तू फार टिकत नाही.

स्प्रिंग वॉशर टाकला म्हणजे काम झालं हा समज अजून गेलेला नाही. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं की बोल्ट फिरून सैल होतो तो मुख्यतः आडव्या सरकण्यामुळे. दोन तुकडे एकमेकांवर आडवे घसरले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि बोल्ट स्वतःहून उलटा फिरतो. त्यांच्या पद्धतीची चाचणी आजही बोल्टची पकड तपासायला वापरतात आणि तिच्यात साधा स्प्रिंग वॉशर सपशेल नापास होतो. तुकडे घट्ट दाबलेले राहतील आणि मुळात घसरणारच नाहीत, हे बघणं महत्त्वाचं.

आणि इथेच प्लॅस्टिकच्या मडगार्डची पंचाईत होते. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू दबत जातं. आज घट्ट आवळलेला बोल्ट काही दिवसांनी आपोआप ढिला झालेला असतो, कारण त्याच्याखालचं प्लॅस्टिकच पातळ झालंय. म्हणून कंपनीच्या जोडणीत प्रत्येक भोकात एक छोटी लोखंडी नळी असते, तिला स्लीव किंवा कॉलर म्हणतात, आणि बहुधा तिच्याभोवती रबरी बुश. बोल्ट आवळला जातो तो त्या स्लीववर, धातूवर धातू. प्लॅस्टिक फक्त रबराच्या खाचेत बसलेलं असतं. मडगार्ड एकदा उघडलं की पहिल्यांदा हरवते ती ही स्लीव. पाण्याने धुताना, चिखलात, गॅरेजच्या फरशीवर, कुठेही. मग त्या जागी मोठा वॉशर टाकून काम भागवलं जातं आणि चक्र सुरू होतं.

तुमची स्लीव ठीक आहे का ते असं बघा. बोल्ट काढा, स्लीव बोटांनी फिरवा. ती रबरात घट्टसर फिरली पाहिजे. खुळखुळत असेल, भोक अंडाकृती झालं असेल आणि आजूबाजूला काळी भुकटी दिसत असेल तर रबर संपलंय. बोल्ट पूर्ण आवळल्यावर मडगार्ड हाताने दाबलं तर केसभर हलायला हवं, पण खडखडता कामा नये. अजिबात हलत नसेल तर स्लीव आखूड आहे आणि तुम्ही प्लॅस्टिकच चेचताय. स्लीव मिळत नसेल तर योग्य व्यासाची लोखंडी नळी कापून, कडा कानशीने साफ करून सहज करता येते. तिची लांबी प्लॅस्टिकच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवा.

६ मिमीचा बोल्ट धातूवर आवळायचा असेल तर साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. प्लॅस्टिकवर थेट बसणाऱ्या बोल्टला त्याहून बरंच कमी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) लावायचा तर मध्यम ताकदीचा निळा, आणि आटे तेलमुक्त करून. पण एक सावधगिरी: हे द्रव एबीएस आणि पॉलिकार्बोनेटवर सांडलं तर तिथे बारीक तडे पाडतं. टेल लॅम्पची काच आणि काही होल्डर अशाच नाजूक प्लॅस्टिकचे असतात. अशा जागी नायलॉक नट वापरा. तो पुन्हा पुन्हा काढघाल केल्यावर त्याची नायलॉनची कडी झिजते. हाताने शेवटपर्यंत फिरायला लागला की बदला. प्लेट बसवण्यासाठी रबरात पितळी आटे असलेला वेलनट मिळाला तर उत्तमच, कारण धरणं आणि कंपन शोषणं ही दोन्ही कामं तो एकट्याने करतो. सबफ्रेमच्या अॅल्युमिनियमच्या आट्यांत स्टेनलेसचा बोल्ट कोरडा बसवला आणि वर्षभर चिखलपाणी खाल्लं, की तो निघताना आटे घेऊनच निघतो. तिथे कॉपर ग्रीस किंवा अँटीसीझ लावा.

टायर लागतोय का

लांब ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक बरंच वर-खाली होणाऱ्या, गाड्यांत मागचं चाक २०० ते ३०० मिमी वर येतं. गाडी उभी असताना टायर आणि होल्डरमध्ये दोन वीत अंतर दिसतं म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. आखूड होल्डर लावलेल्यांची इथे जास्त फसगत होते, कारण कंपनासाठी जे चांगलं, म्हणजे प्लेट पुढे आणि जवळ घेणं, तेच टायरसाठी धोक्याचं.

खात्रीची पद्धत म्हणजे मोनोशॉकची (मागच्या एकमेव शॉकअॅब्सॉर्बरची) स्प्रिंग काढून शॉक परत बसवायचा आणि चाक हाताने शेवटपर्यंत वर उचलून बघायचं. शॉकच्या शेवटी धक्का झेलणारा बंप रबर खऱ्या दणक्यात आणखी चेपतो, म्हणून हाताने टेकल्यावरही १५-२० मिमी मोकळं राहिलं पाहिजे. एवढी उघडाउघड शक्य नसेल तर सोपी युक्ती आहे. मडगार्डच्या आत संशयाच्या जागी मऊ मातीचे, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे, बोटभर उंचीचे गोळे चिकटवा. शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय सैलसर बांधा. मग नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारा. टाय शेवटपर्यंत सरकलेला आणि गोळे चपटे झाले असतील तर टायर लागतोय. टाय शेवटपर्यंत गेलाच नसेल तर ही चाचणी झालीच नाही असं समजा.

टायर बदलल्यावर हे सगळं पुन्हा तपासा. १२०/९०-१८ च्या जागी १४०/८०-१८ टाकला तर कागदावर बाजूची उंची १०८ वरून ११२ मिमी होते, पण जाड गुठळ्यांचा टायर प्रत्यक्षात त्याहून उंच आणि रुंद भरतो. चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्यानेही अंतर बदलतं. गुठळ्यांमध्ये अडकलेला चिखल हिशोबात धरायला विसरू नका.

कधीकधी होल्डर निर्दोष असतो आणि स्प्रिंग मऊ असते. स्वार गाडीवर बसल्यावर मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावी, म्हणजे ३०० मिमीला १०० च्या आसपास. त्याहून बरीच जास्त बसत असेल, किंवा मागे सामान बांधून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) तसाच ठेवला असेल, तर गाडी प्रत्येक मोठ्या खड्ड्यात तळाला जाणार आणि टायर वर येणार. होल्डर बदलत बसण्यापेक्षा प्रीलोड वाढवा.

सामानावरून आठवलं. मागचं मडगार्ड बसायची, बांधायची किंवा उचलायची जागा नाही. त्याच्यावर टेल बॅग आवळली की कंपनाच्या हिशोबात आणखी काही किलो टाकले. बॅगेचं वजन सबफ्रेमवर बसणाऱ्या रॅकने घ्यावं. आणि रुतलेली गाडी मडगार्डला धरून ओढू नका. सबफ्रेमला आणि पुढे फोर्कपाशी एकेक मजबूत पट्टा बांधून ठेवा. मदतीला येणारा माणूस जे हाताला लागेल तेच धरतो, तेव्हा पट्टाच हाताला लागू दे.

प्लॅस्टिक सांधायचं कसं

आधी प्लॅस्टिक ओळखा. मडगार्डच्या आतल्या बाजूला छोट्या बाणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात: पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस. अक्षरं नसतील तर एक बारीक तासलेला तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं.

एबीएस सांधायला सोपं. ते अॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याचेच तुकडे अॅसिटोनमध्ये घोळवून दाट लापशी करायची, तड्याच्या दोन्ही कडा व्ही आकारात घासायच्या, लापशी भरायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. पॉलिप्रॉपिलीनला मात्र साधा गोंद, एपॉक्सी, झटपट चिकटणारं काही काही धरत नाही. लावल्यावर धरल्यासारखं वाटतं आणि पहिल्या खड्ड्यात पापुद्र्यासारखं सुटून येतं. त्याला वितळवूनच जोडावं लागतं: सोल्डरिंग आयर्नने तड्यात स्टीलची बारीक जाळी आतल्या बाजूने बसवायची आणि त्याच प्लॅस्टिकची कांडी वर वितळवायची. एबीएसची कांडी पॉलिप्रॉपिलीनवर चालत नाही. धूर नाकात जाऊ देऊ नका.

कुठल्याही पद्धतीच्या आधी तड्याच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो. टोक नेमकं कुठे आहे ते दिसत नसेल तर जागा वाकवून बघा, पांढरी रेघ जिथे संपते त्याच्याही थोडं पुढे भोक पाडा.

आणि सगळ्यांत कमी देखणी पण मला सगळ्यांत आवडणारी दुरुस्ती म्हणजे टाके. तड्याच्या दोन्ही बाजूंना कडेपासून ८-१० मिमीवर, साधारण २० मिमीच्या अंतराने भोकं पाडायची आणि काळ्या केबल टायने शिवायचं. गाठी वरच्या बाजूला ठेवा, आत ठेवल्या तर चिखल तिथेच धरतो. पांढरे टाय उन्हात लवकर कडकडीत होतात म्हणून काळेच. हा सांधा थोडा वाकतो, आणि म्हणूनच वेल्डिंग केलेला कडक सांधा जिथे बाजूला नवा तडा देतो तिथे हा टिकून राहतो. टाय तुटला तर वाटेत दुसरा घालता येतो.

साफसफाईत एक लक्षात ठेवा. चेन क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल यांतलं काहीही एबीएसवर किंवा दिव्याच्या काचेवर उडू देऊ नका. ताणाखालचं प्लॅस्टिक अशा द्रवाने लवकर तडकतं.

पुढच्या मडगार्डचं थोडक्यात

खालचं, टायरला चिकटून बसणारं मडगार्ड चिकट मातीत भरतं. ओल्या चिखलाचं वजन लिटरला दोन किलोच्या आसपास असतं, त्यामुळे आधी बोल्टची भोकं फाटतात आणि मग चाकच फिरेनासं होतं. स्पेसर टाकून ते वर उचलता येतं, पण फोर्क पूर्ण दाबून मडगार्ड खालच्या यॉकला (फोर्कचे पाय धरणाऱ्या आडव्या तुकड्याला), हॉर्नला किंवा रेडिएटरला लागत नाही ना हे बघितल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. लांब बोल्टही तितकेच लांब हवेत, आट्यांत अर्धवट बसलेले नकोत. काही गाड्यांत मडगार्डखालची लोखंडी कमान फोर्कचे दोन्ही पाय एकत्र बांधून ठेवते. ती काढून उंच मडगार्ड लावलं तर हँडल ढिलं, भरकटल्यासारखं वाटतं.

चोचीसारखं उंच मडगार्ड चिखलात सरस, पण मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की वारा त्याला उचलतो आणि हँडल हलकेच थरथरतं. ती थरथर अचानक वाढली असेल तर खालच्या यॉकमधले चार बोल्ट तपासा. तिथे खालून पाणी आणि चिखल थेट बसतो, एखादा सैल निघू शकतो.

वायरी

शेपूट हलतं म्हणजे वायरही हलते. एका बाजूचे इंडिकेटर अचानक दुप्पट वेगाने लुकलुकायला लागले, ब्रेकलाइट खड्ड्यातच बंद पडते, किंवा मागचा फ्यूज वारंवार उडतो, ही सगळी लक्षणं बहुधा होल्डरच्या आजाराचीच असतात. वायर बहुधा कपलरच्या तोंडाशी, नाहीतर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे तुटते किंवा सोलते. भोकात रबरी ग्रॉमेट घाला. वायर ताणून बांधू नका, हलत्या आणि स्थिर भागाच्या मध्ये एक सैल वळसा ठेवा आणि दोन्ही बाजूंना टायने धरा. तुटलेली वायर जोडताना नुसती सोल्डर करून सोडू नका. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनाने वायर बरोबर त्या कडक भागाच्या टोकाशी पुन्हा तुटते. नीट दाबलेला क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि वर गोंदाची हीट श्रिंक नळी जास्त टिकते.

होल्डर बदलताना प्लेटचा कोन, उंची आणि प्लेटवरचा दिवा यांचे आपापल्या ठिकाणचे नियम बघून घ्या. वर वळवलेली, दिव्याशिवायची किंवा चिखलाने झाकलेली प्लेट बहुतेक ठिकाणी दंडाला पात्र आहे.

सबफ्रेमपर्यंत पोचलं असेल तर

मडगार्ड काढल्यावर सबफ्रेमचे टॅब ब्रशने साफ करून बघा. वेल्डच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसली तर रंग खरवडा. रेघ रंगाखालीही चालू असेल तर तो तडा आहे आणि त्याच्यावर कितीही चांगला होल्डर लावला तरी टिकणार नाही. लोखंडी टॅब वेल्ड करता येतो. अॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग येणारा माणूस लागतो. आर्क किंवा टिग लावण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, इसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कपलर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डच्या शक्य तितकी जवळ लावा, म्हणजे करंट गाडीभर फिरत नाही. टॅबवर जादा पट्टी लावायचीच असेल तर तिची कड टॅबच्या मुळाशी नेमकी संपवू नका. ती थोडी पुढे नेऊन निमुळती करा, नाहीतर पुढचा तडा पट्टीच्या कडेलाच निघेल.